एका रुपयाचा फरक

राइट टाउनमधल्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी जबलपूरच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. पुण्याची नोकरी सोडून 2020 मध्ये परत आलो, तेव्हापासून हेच काम.

मावसभाऊ पुण्यात असतो, नव्या ॲपचे स्क्रीन बनवतो. "दादा, अजून सगळं हातानं लिहितोस?" असं त्यानं विचारलं, म्हणून मीही एआय असिस्टंट घेतला. पहिला आठवडा छान गेला. रिपोर्ट, एक्सेलमध्ये माहिती काढून देणं, अशी कंटाळवाणी कामं भराभर उरकली.

मग मी त्याला बिलाचा जुना कोड सुटसुटीत करायला सांगितला. त्यानं केला, वर टेस्टही लिहून दिल्या. सगळ्या पास. बदल मी वरवर चाळले आणि अपडेट पाठवून दिलं.

नवव्या दिवशी एका ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. "भैया, बिल में एक रुपया कम आ रहा है." मला वाटलं, त्यांच्याच मुनीमाची चूक असेल. दुसऱ्या दिवशी आणखी दोन फोन आले.

चूक सापडायला रात्रीचा एक वाजला. जीएसटी कायद्याच्या कलम 170 प्रमाणे कराची रक्कम पूर्ण रुपयात करताना 50 पैसे किंवा जास्त असले, की वरचा रुपया धरतात. बिलाच्या एकूण रकमेलाही आम्ही तेच करतो. जुन्या कोडमध्ये त्यासाठी मी डेसिमल वापरून अर्धा रुपया वर न्यायचा नियम स्पष्ट लिहिला होता. असिस्टंटनं तिथे पायथनचं साधं राउंड घातलं. बरोबर 50 पैसे असले, की ते जवळच्या सम संख्येकडे जातं. म्हणजे 213.50 चे 214 होतात, पण 212.50 चे 212 च. टेस्टमध्ये नेमका 213.50 चा आकडा होता.

भावाला सांगितलं. "दादा, टेस्टपण त्याच्याकडूनच?" मी गप्प बसलो.

एआयचा भावाचा चांगला अनुभवही खोटा नाही. त्याचा स्क्रीन बिघडला तर लगेच दिसतो. माझ्याकडे चूक पैशांत लपते. वेळ वाचल्याचा अंदाजही असाच फसवा असतो. मेटर या संस्थेनं 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवरची 246 कामं दिली होती. एआय वापरून त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला, पण त्यांना वाटत होतं की 20 टक्के वाचला. त्या पहिल्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं, तर मीही हेच सांगितलं असतं.

जुना कोड परत घातला. तिन्ही दुकानांत जाऊन चुकलेल्या बिलांची यादी दिली. एकानं काही न बोलता चहा मागवला. त्याचीच जास्त लाज वाटली.

असिस्टंट अजून वापरतो, रिपोर्टसाठी. हिशेबाच्या टेस्ट मात्र व्यापाऱ्यांची जुनी बिलं समोर ठेवून स्वतः लिहितो. पहिलीच टेस्ट 212.50 ची आहे.