किती मिळेल आणि कधी मिळेल

शेअर बाजार गडगडला की आमच्या कट्ट्यावर हमखास कुणीतरी म्हणतं, "आपलं बँकेत आहे, आपल्याला काय!" भांडुपकराने तरी असं म्हणू नये. पीएमसी बँकेचं मुख्यालय आमच्या भांडुपातच होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत खात्यामागे फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. लग्नाचे, ऑपरेशनचे पैसे पासबुकात दिसत होते, पण हातात येत नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरची रक्कम पूर्ण मिळायला मात्र दहा वर्षांपर्यंतची मुदत ठरली.

म्हणून मंडळी, आमच्या वयात "किती टक्के?" याच्याआधी "कधी हाताशी येईल?" हे विचारावं. ठेवींच्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. पण ती एका बँकेतल्या एकाच नावावरच्या सगळ्या ठेवी आणि व्याज मिळून. चार शाखांत चार पावत्या केल्या म्हणून विमा चौपट होत नाही.

मी वर्षभराचा घरखर्च दोन बँकांत विभागून ठेवते. सात-आठ वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे बाजारात. व्याज थोडं कमी पडतं. पडू दे. तुम्ही कसं करता, जरूर कळवा.