पुरुषाला इद्दत नसते

नवरा वारला तर मुस्लिम स्त्रीने चार महिने दहा दिवस इद्दत पाळावी, असं कुरआनात सांगितलं आहे. बायको गेलेल्या पुरुषाला मात्र असा काळ नेमून दिलेला नाही.

माझी बायको हृदयविकाराने एका रात्रीत गेली. चौथ्या दिवशी मी कामावर होतो. चाळिसावा होण्याआधीच खालांनी स्थळ सुचवलं. "मुलीकडे कोण बघणार, बेटा?" त्यांची काळजी खरी होती.

मी म्हटलं, "खाला, मलाही चार महिने दहा दिवस द्या."

सक्ती नव्हती, तरी दिवस मोजले. तेवढ्यात मुलीची वेणी घालायला शिकलो, बायकोचे कपडे गरजूंना दिले. दुःख सरलं नाही. पण मुलीसमोर तिच्या आईचं नाव घेता येऊ लागलं.