पत्रावरचा शिक्का खरवडू नका

मिरकरवाडा या कोकणातल्या मासेमारी बंदराच्या धक्क्यावर इशाऱ्याची किंमत त्याच्या वेळेवर ठरते. ‘समुद्र खवळणार, बोटी बाहेर काढू नका’ हे आज सकाळचं की परवाचं, हे कळत नसेल तर तांडेलाने त्यावर काय ठरवायचं? म्हणून असा इशारा आलेली ईमेल पुढे पाठवताना वरच्या कोणत्या ओळी ठेवायच्या आणि कोणत्या गाळायच्या, हा प्रश्न मला फक्त संगणकवाल्यांचा वाटत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि 17 तारखेच्या रात्री सौराष्ट्रात धडकलं. अशा दिवसांत हवामान खात्याचं पत्रक काही तासांतच जुनं होतं. त्यात पत्रकातली वेळ यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली असली, तर तिथे 1200 असताना आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. ईमेलच्या तारखेपुढचं +0530 हा फरक सांगतं, आणि मजकूर तेवढा उचलून पाठवला की नेमकं तेच गळतं.

जुन्या पोस्टकार्डावर टपाल कचेऱ्यांचे शिक्के असत, तशी ईमेल ज्या ज्या सर्व्हरवरून जाते तो आपली ‘रिसीव्ह्ड’ ओळ वर चढवतो. सगळ्यात जुना शिक्का तळाशी. साध्या फॉरवर्डमध्ये बहुधा पाठवणारा, तारीख, विषय आणि कोणाला, एवढंच उरतं. ‘रिप्लाय-टू’, म्हणजे उत्तर कोणत्या पत्त्यावर जाणार ती ओळसुद्धा गळते, आणि फसवणूक तिथेच दडलेली असू शकते. मासळीच्या व्यवहारात ‘आमचं बँक खातं बदललं’ अशी ईमेल आली, नाव ओळखीचं, पण उत्तर जाणार भलत्याच पत्त्यावर. मालकाने ती हिशेबनिसाला नेहमीसारखी फॉरवर्ड केली, तर त्याला ती खरीच दिसणार. मूळ ईमेल अटॅचमेंट म्हणून जोडली तर सगळ्या ओळी शाबूत पोचतात.

यावर आक्षेप येतो की एवढा कचरा वाचणार कोण, आणि इतरांचे पत्ते उघडे पडतात त्याचं काय. दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मच्छीमार सोसायटीच्या सभासदांची यादी गावभर जायला नकोच. म्हणून तर निवड आपल्या हातात हवी. पैशाची किंवा संशयाची ईमेल ज्याला तपासायची आहे त्यालाच अख्खी द्यावी, बाकीच्यांना पत्ते काढून. ओळी बनावट असू शकतात, हेही खरं. पण आपल्याच सर्व्हरने लावलेली वरची ओळ बाहेरच्या भामट्याला लिहिता येत नाही. तपास तिथून खाली सुरू करता येतो. कचऱ्याचं म्हणाल, तर वादळाच्या इशाऱ्याला सगळ्या ओळी लागतच नाहीत. व्हॉट्सॲपवर टाकतानाही पहिल्या ओळीत पत्रकाचा क्रमांक, ते कोणी काढलं आणि भारतीय वेळेनुसार कधी काढलं, एवढं हाताने लिहावं, आणि नवं पत्रक येताच जुनं तिथून काढून टाकावं.