राहिलेलं शिक्षण

मैत्रिणींनो, लग्नामुळे अर्धवट सुटलेलं शिक्षण अमेरिकेत आल्यावर पुरं करता येईल का, असं तुमच्याही मनात येत असेल. येतं बरं का! मी ४२व्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. "या वयात इतिहास नि तत्त्वज्ञान शिकून काय करणार गं?" सासूबाईंनी विचारलंच.

राज्यातल्या रहिवाशांना फी युनिटमागे ४६ डॉलर. सेमिस्टरची ६० युनिटं झाली, की सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. मात्र कुठला विषय तिथे धरला जातो, हे आधीच कॉलेजातल्या समुपदेशकाला विचारून घ्या. नाहीतर वर्ष फुकट जायचं.

पोळ्या लाटता लाटता मी प्लेटोची टिपणं वाचली. आता विद्यापीठाचं पत्र आलंय, आणि सासूबाईच ते सगळ्यांना दाखवताहेत!