नगरच्या हवेत डेव्हनची रेल्वे

अहिल्यानगरच्या सावेडी भागात, आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातलं एक लहानसं रेल्वे स्टेशन बांधायला घेतलं. स्टेशन काल्पनिक, गाड्या मात्र खऱ्या गाड्यांवरून प्रमाणात लहान केलेल्या. तो लेआउट मला पुढे मोडावा लागला. का मोडावा लागला, ते सविस्तर लिहितो आहे. श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर अशा गावांतून हा छंद सुरू करू पाहणारे मला अधूनमधून सल्ला विचारतात. सामान परदेशातून मागवावं लागतं, महाग पडतं, आणि एक इंजिन बिघडलं की उमेदच जाते. माझ्या चुका कळल्या तर त्यांचं निदान तेवढं नुकसान टळेल.

आपली रेल्वे सोडून ब्रिटिश रेल्वे का, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दौंड–मनमाड मार्ग 1878 पासून आमच्या गावातून जातो. विळद, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबा या स्टेशनांवर माझं बालपण गेलं. पण आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. मी घेतलेल्या एन मापात रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटर असतं. त्यावर आपली गाडी प्रमाणात बसवायची तर ती मूळ गाडीच्या 186 व्या हिश्शाची करावी लागते, आणि त्या मापाचं तयार सामान मिळत नाही. ब्रिटनमध्ये एन मापाच्या इंजिनांपासून कुंपणांपर्यंत सगळं विकत मिळतं. शिवाय आपल्या मार्गांवरची जुनी वाफेची इंजिनं बहुतेक तिथल्याच कारखान्यांतून आलेली, त्यामुळे त्या रेल्वेबद्दल मला परकेपणा कधी वाटला नाही.

ब्रिटिश एन मापाची तडजोड समजून न घेणं, ही माझी पहिली चूक. जर्मन किंवा अमेरिकन एन गाडी मूळ गाडीच्या 160 व्या हिश्शाची असते, ब्रिटिश गाडी 148 व्या. ब्रिटनची इंजिनं मुळात अंगानं लहान. 160 व्या हिश्शात त्यांच्या पोटात सुरुवातीच्या काळातली मोटार मावत नव्हती, म्हणून वरचं अंग थोडं मोठं केलं आणि रूळ तेच 9 मिलिमीटरचे ठेवले. हे न वाचताच मी जर्मन घरं आणि पुण्याच्या वास्तुरचनेच्या दुकानातली 200 व्या हिश्शाची झाडं मागवली. गाडी फलाटाला लागली की स्टेशनचा दरवाजा डब्याच्या दरवाजापेक्षा ठेंगणा दिसायचा. घरं काढून टाकावी लागली. तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना मी आधी दरवाजा मोजतो. साडेसहा फुटांचा दरवाजा 148 व्या हिश्शात साधारण साडेतेरा मिलिमीटरचा यायला हवा.

दुसरी चूक आकाराची, आणि ती मनातली होती. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय आहे. 1998 साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे एका वेळी कितीतरी गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, शहरात दिवस मावळून दिवे लागतात. मी तो खेळ भारावून बघितला आणि घरी येताना गाड्यांची ती गर्दी तेवढी डोक्यात घेऊन आलो. त्या देखाव्याखाली एका माणसाच्या कितीतरी वर्षांच्या जोडण्या, तारा आणि दुरुस्त्या आहेत, याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी सहा फूट बाय तीन फुटांच्या प्लायवर दुहेरी मार्ग, वर चढत जाणारा तिसरा मार्ग, पूल, बोगदा आणि चार फाट्यांचं यार्ड असा नकाशा काढला.

तीन फुटांत एवढं बसवायचं म्हणून वळणं सर्वांत लहान त्रिज्येची घ्यावी लागली. म्हणजे 9 इंच, साधारण 228 मिलिमीटर. त्या वळणावर लांब डब्यांचे कोपरे रुळांबाहेर इतके येतात की शेजारच्या मार्गावरच्या गाडीला घासतात. आणि वरचा मार्ग खालच्यावरून न्यायचा तर पुलासकट 45 मिलिमीटर उंची हवी होती. त्यासाठी माझ्याकडे सव्वा मीटरसुद्धा लांबी नव्हती. चढ साधारण 24 ला 1 पडला. बोरघाटात मूळ मार्गावरचा सर्वांत कठीण चढ 37 ला 1 आहे, आणि तिथे मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावतात. हे आकडे मला पाठ होते. तरी लहान गाडीला चढ लागत नाही असं मी कसं धरून चाललो, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. सपाटीवर सहज चार डबे ओढणारं इंजिन त्या वळणदार चढावर जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं. चढाच्या पायथ्याशी मी फळी एकदम तिरपी जोडली होती, तिथे इंजिनाची पुढची चाकं हवेत उचलली जाऊन गाडी उतरायची. चढाची सुरुवात आणि शेवट हळूहळू वळवत न्यावा लागतो, हे मी फळी कापून झाल्यावर शिकलो.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त लागली, कारण मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. रूळ टाकले डिसेंबरात. वीज सगळीकडे नीट पोचावी म्हणून रुळांचे सगळे जोड डाखून टाकले, एकही मोकळा ठेवला नाही. ब्रिटिश पुस्तकात जोड डाखायला सांगितलं होतं, ते मी अक्षरशः पाळलं. त्या पुस्तकातली खोली बारा महिने साधारण एका तापमानाची असते. माझी खोली गच्चीवरची. डिसेंबरात पहाटे तिथे 12 अंश असतं आणि मे महिन्यात दुपारी 44. हे रूळ निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे असतात. तीस-बत्तीस अंशांच्या फरकाला ते मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर वाढतात. चार मीटरच्या माझ्या फेऱ्यात ही वाढ दोन मिलिमीटर झाली. चाकाची कडच जेमतेम एक मिलिमीटर असताना दोन मिलिमीटर म्हणजे फार. एप्रिलच्या शेवटी रूळ स्लीपरमधून सुटून वळणावर बाहेर फुगले.

आमच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक मुकादम राहतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. आयुष्यभर गँग घेऊन याच मार्गावर त्यांनी रूळ सांभाळले. मी त्यांना गच्चीवर नेलं. ते खाली वाकले, रुळावरून बोट फिरवत पूर्ण फेरा बघितला आणि म्हणाले, “सर, फट कुठं ठेवलीय? उन्हात हा रूळ जाणार कुठं?”

मग तात्यांनी मला उन्हाळ्यातल्या गस्तीबद्दल सांगितलं. दुपारच्या उन्हात गँगची माणसं मार्गावर चालत असतात ती रूळ फुगतो का ते बघायला. जोडात किती फट ठेवायची ते त्या वेळच्या तापमानावर ठरतं, थंडीत जास्त, उन्हात कमी. मी वर्गात वर्षानुवर्षं रेषीय प्रसरणाचं उदाहरण म्हणून रुळांतली फट शिकवली होती. ते उदाहरण आणि माझ्या गच्चीवरचे रूळ यांची गाठ मी कधी घातली नव्हती. आता मी रूळ एप्रिल-मे महिन्यात टाकतो, जोड मोकळे ठेवतो आणि प्रत्येक रुळाला खालून स्वतंत्र तार डाखतो. विजेसाठी जोडावर अवलंबूनच राहत नाही.

चौथी चूक वाळूची. रुळांखाली खडी म्हणून तयार बारीक चुरा मिळतो, पण तो परदेशातून मागवायचा खर्च वाचवावा म्हणून मी सीना नदीच्या पात्रातून मूठभर वाळू आणली. धुतली, वाळवली, चहाच्या गाळणीनं चाळली. स्लीपरांमध्ये पसरून त्यावर पातळ केलेला फेव्हिकॉल भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालून ड्रॉपरनं सोडला. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि गोंद कणांच्या आत उतरतो, ही युक्ती बरोबर आहे. पण तो मार्ग बदलणाऱ्या पॉइंटच्या हलत्या जिभांखालीही उतरला आणि दोन पॉइंट कायमचे चिकटले. पॉइंटजवळ गोंद सोडायचा नसतो, तिथे तो काडीच्या टोकानं लावायचा असतो.

त्याहून मोठं नुकसान उशिरा दिसलं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं 5700 वर्गाचं टँक इंजिन माझं सर्वांत आवडतं. बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या असलेली ही इंजिनं 1929 ते 1950 या काळात तब्बल 863 बांधली गेली, आणि डेव्हनच्या फाट्यांवर ती सगळीकडे दिसत. माझं इंजिन हळूहळू कुरकुरू लागलं आणि एके दिवशी बंदच पडलं. माळीवाड्याजवळ मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका कारागिराकडे ते नेलं. त्यांनी भिंग लावून मोटार उघडली आणि सुईच्या टोकावर काळे कण काढून दाखवले. “सर, हे चुंबकाला चिकटलंय. लोखंड आहे यात. वाळू कुठली वापरली?”

आपल्या दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. पाषाण झिजून नदीत येतो तेव्हा हे जड कण वाळूत साचतात, नदीकाठच्या वाळूत काळ्या रेघा दिसतात त्या बहुधा याच्याच. रुळाला न चिकटलेला एखादा कण इंजिनाखालून जाताना मोटारीतला चुंबक त्याला वर ओढतो. तो दातेरी चाकांत आणि मोटारीत जाऊन बसतो. मी वाळूवरून आधी चुंबक फिरवला असता तर हे काही मिनिटांत कळलं असतं. चुंबकानं कागदावर लोहकीस गोळा करायचा प्रयोगही मी पाचवी-सहावीच्या मुलांकडून करून घेत आलो होतो.

त्याच कारागिरानं माझी आणखी एक चूक पकडली. दातेरी चाकांना मी खोबरेल तेल दिलं होतं. घरात होतं, स्वच्छ होतं, प्लॅस्टिकला मारक नव्हतं. पण खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. नगरच्या थंडीत आपण सगळेच खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतो, आणि ते गोठलेलं तेल मी केसाएवढ्या बारीक दातांत ठेवलं होतं. चाकं जड झाली, मोटार तापली आणि तिची एक गुंडाळी जळाली. प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल, तेही टाचणीच्या टोकावर येईल एवढंच द्यायचं, हे त्यांनी मला करून दाखवलं. जास्त झालेलं तेल चाकांवरून रुळांवर पसरतं, त्यावर आपल्याकडची धूळ बसते आणि वीज तुटते. ती धूळ काढायला मी पॉलिश पेपर वापरत होतो, तेही त्यांनी थांबवलं. पेपरनं रुळावर बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्यांतच रुतते.

या चुका एका रांगेत ठेवून बघितल्या तेव्हा त्यांचं मूळ एकच दिसलं. पुस्तकं उत्तम होती. पण ती आपल्या हवेसाठी, आपल्या मातीसाठी लिहिलेली नव्हती, आणि लिहिणाऱ्याला त्याची गरजही नव्हती. ती उणीव भरून काढणारी माणसं माझ्या गावात होती, एक तर गल्लीतच. हा इंग्रजांचा छंद, यातलं यांना काय कळणार, असं मी मनात धरलं होतं. त्यांना विचारायला गेलो तो सगळं बिघडल्यावर. पैशांच्या नुकसानीपेक्षा या समजुतीचं मला जास्त वाईट वाटतं.

जुना लेआउट मोडल्यावर मी तीन फुटी फळी घेतली आणि इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांची ‘इंगलनुक सायडिंग्ज’ ही रचना बांधली. दोन पॉइंट, तीन फाटे. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांवर तीन-तीन. आठ वाघिणींपैकी पाचांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमानं गाडी जुळवायची. अशा 6,720 वेगवेगळ्या गाड्या होऊ शकतात. चढ नाही, बोगदा नाही, वळण जवळजवळ नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी हीच रचना सुचवतो. यात रूळ टाकणं, तारा डाखणं, खडी बसवणं, पॉइंट फिरवणं, सगळं शिकता येतं आणि चुकलं तर फळीभरच चुकतं.

दरम्यान एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची माहिती मी नीट वाचली. आपली बार्शी लाइट रेल्वे त्यांनी उभारली, 1897 साली ती सुरू झाली. रूळ अडीच फुटी आणि एका आसावर जास्तीत जास्त पाच टन भार, तोही सर्व चाकांवर सारखा वाटलेला. हा अनुभव घेऊन ते मायदेशी स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे बांधायला गेले. ती 1904 ते 1934 अशी चालली. तिचे रूळही अडीच फुटी, आणि लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या तिच्या इंजिनांची ठेवण, त्यांचे मोठे दिवे, सगळं हिंदुस्थानातल्या रेल्वेसारखं. बार्शीच्या माळावर कमावलेलं शहाणपण इंग्लंडच्या दरीत कामाला आलं होतं.

आता मी तीच मॅनिफोल्ड रेल्वे बांधायला घेतली आहे, मूळ गाडीच्या 76 व्या हिश्शात आणि 9 मिलिमीटरच्याच रुळांवर. या मापात रूळ अडीच फुटांपेक्षा थोडे अरुंद पडतात, ती तडजोड यावेळी मला आधीपासून माहीत आहे. प्लाय कापण्याआधी तात्यांना आणि त्या कारागिराला घरी बोलावलं, नकाशा पुढे ठेवला आणि कुठे चुकतंय ते विचारलं. तात्यांनी पहिल्याच वळणावर बोट ठेवलं. ते वळण मी मोठं केलं आहे.