फोटो नक्की कुणाचा?

"सिव्हिलला आहेस ना? मग हातात कायम कॅमेरा कशाला?"

हा प्रश्न मला वर्कशॉपच्या सरांनी विचारलाय, रेक्टर मॅडमनी विचारलाय, सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला उन्हात स्टाफ धरून उभ्या राहणाऱ्या पार्टनरने (जरा रागानेच) विचारलाय आणि घरून तर तो दर रविवारी फोनवर येतोच. या सगळ्यांसाठी आता माझ्याकडे एकच ठोक उत्तर आहे : रघु राय!

भारतातल्या फोटोग्राफीचं नाव घेतलं की ज्यांचं नाव आधी येतं ते रघु राय मुळात सिव्हिल इंजिनिअर. जन्म १९४२ चा, झांग गावचा, जे आता पाकिस्तानात आहे. सिव्हिल शिकले, नोकरीला लागले आणि मन रमेना. थोरले भाऊ एस. पॉल फोटोग्राफर होते. एकदा गावाकडे गेले असताना रघु रायना शेतात गाढवाचं एक पिल्लू दिसलं. हे कॅमेरा घेऊन जवळ जायचे की ते पळायचं. हे मागे, ते पुढे, आणि आजूबाजूची पोरं हसतायत! शेवटी पिल्लू दमून उभं राहिलं आणि फोटो मिळाला. भावाने तो लंडनच्या 'टाइम्स'कडे पाठवला आणि त्यांनी तो छापला. १९६६ साली रघु राय 'स्टेट्समन'मध्ये फोटोग्राफर म्हणून रुजू झाले, १९७२ साली पद्मश्री मिळाली, आणि १९७७ साली खुद्द कार्तिए-ब्रेसाँ यांनी 'मॅग्नम' या जगप्रसिद्ध संस्थेसाठी त्यांचं नाव सुचवलं. सुरुवात काय, तर गाढव! एम-थ्रीमध्ये ज्यांची दांडी उडाली आहे त्यांनी धीर सोडू नये.

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी मी लिहिणार म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. मी पडले कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले ठरावीक तास आणि एक पेपर. पण ज्या गोष्टीबद्दल सांगायचं आहे ती मराठीतच घडली, म्हणून मराठीतच लिहिते. सांभाळून घ्या.

आमच्या लायब्ररीत ६२० नंबरपासून पुढे कपाटांच्या रांगाच रांगा आहेत. ७७० म्हणजे फोटोग्राफी. तिथे मोजून तीन पुस्तकं, त्यातलं एक डार्करूममधल्या केमिकल्सवरचं. त्यामुळे माझे गुरू मला स्क्रीनवरच भेटले. सुरुवातीला मी फक्त 'हे कसं काढलं असेल' एवढंच बघायची. आपल्याला ते सोपं जातं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ हे अ‍ॅपर्चरचे आकडे विचित्र वाटतात ना? ती साधी भूमिती श्रेणी आहे, गुणोत्तर वर्गमूळ दोन. कारण छिद्राचा व्यास वर्गमूळ दोनने बदलला की क्षेत्रफळ दुप्पट किंवा निम्मं होतं आणि प्रकाशही तसाच. हे कळलं की अर्धा कॅमेरा कळला. उरलेला अर्धा मात्र कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. तो असा, की समोरच्या माणसाचा फोटो काढायचा आपल्याला अधिकार काय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो रघु राय यांच्याच एका फोटोपुढे. भोपाळ आपण सगळेच शिकतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची मध्यरात्र, युनियन कार्बाइडची टाकी, त्यात शिरलेलं पाणी, मिथाइल आयसोसायनेट. पाच मार्कांची टीप लिहितो आणि पान उलटतो. तो फोटो बघितल्यावर मात्र पान उलटता येत नाही. दफन होत असलेलं एक लहान मूल. अंग मातीत, फक्त चेहरा वर, डोळे उघडे. कुणाचा तरी हात त्या कपाळापाशी आहे. रघु राय यांचा फोटो कृष्णधवल आहे. तिथेच असलेल्या पाब्लो बार्थोलोम्यू यांनी त्याच मुलाचा रंगीत फोटो काढला, त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं, विचारणं शक्यच नव्हतं. त्याचं नावही कळलं नाही. पण हे फोटो नसते तर भोपाळ म्हणजे आपल्यासाठी नुसता एक आकडा राहिला असता. म्हणजे कधीकधी न विचारता काढलेला फोटोही काढायलाच हवा होता असं म्हणावं लागतं. इथपर्यंत मला पटलं.

मग दयानिता सिंग वाचनात आल्या आणि पुन्हा गोंधळ झाला.

दयानिता सिंग यांचा जन्म १९६१ चा, दिल्लीचा. अहमदाबादच्या एन.आय.डी.मध्ये शिकत असताना झाकिर हुसेन यांच्या मैफलीत फोटो काढायला गेल्या, तर आयोजकांपैकी कुणी तरी ढकललं आणि सगळ्यांसमोर पडल्या. बाहेर येऊन त्यांनी झाकिरभाईंना सुनावलं, की आज मी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी फोटोग्राफर होईन, मग बघू! पुढे त्यांच्याचबरोबर हिंडून १९८६ साली त्यांनी पहिलं पुस्तक काढलं. २०२२ साली हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, म्हणजे बोलल्या ते खरं करून दाखवलं. पण मला आवडते ती त्यांची दुसरी गोष्ट. १९८९ साली लंडनच्या 'टाइम्स'साठी त्या दिल्लीतल्या हिजड्यांचे फोटो काढायला गेल्या. तिथे मोना अहमद भेटल्या. फोटो काढून झाले. मग मोनांना समजलं की हे इंग्लंडमध्ये छापले जाणार. तिकडे त्यांचे नातेवाईक होते. त्यांनी रोल परत मागितले. आणि दयानितांनी ते दिले! मोनांनी ते कचऱ्यात टाकले.

हातात आलेलं काम, तेही लंडनच्या पेपरचं, आणि रोल देऊन टाकायचे. पण तिथून जी मैत्री झाली ती २०१७ साली मोना वारल्या तोपर्यंत टिकली. २००१ साली 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक निघालं. त्यातले फोटो दयानितांचे आणि मजकूर मोनांचा, त्यांनी प्रकाशकाला पाठवलेल्या ई-मेल्सचा. म्हणजे आपली गोष्ट त्यांनी आपणच सांगितली.

आता आपल्याकडचं उदाहरण. सुधारक ओलवे. मूळचे अकोल्याचे, मुंबईत १९८८ पासून वृत्तपत्र छायाचित्रकार, २०१६ साली पद्मश्री. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मॅनहोलमधून छातीपर्यंत घाणीत बुडालेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरचे कामगार, त्यांची घरं, त्यांची बायकापोरं. सगळं कृष्णधवल. हे कामगार जवळपास सगळे दलित समाजातले. आपण शहर पाणीपुरवठा आणि सांडपाणी हा विषय शिकतो, मॅनहोलचा क्रॉस सेक्शन काढतो, मापं टाकतो. त्या चित्रात माणूस नसतो. ओलव्यांनी तो माणूस दाखवला. हे फोटो बघितल्यापासून मला ती ड्रॉइंग शीट पूर्वीसारखी दिसत नाही. न दिसणारं काम दिसायलाच हवं, असं माझं पक्कं मत झालं.

आणि तेवढ्यात आमच्या मेसमधल्या मावशींनी त्या मताला सुरुंग लावला!

झालं असं, की मागच्या हिवाळ्यात मी सकाळी मेसच्या स्वयंपाकघरात गेले होते. पूर्वेच्या खिडकीतून तिरकं ऊन येत होतं, हवेत पीठ उडत होतं, मोठ्या तव्यावरून वाफ निघत होती आणि मावशी पदर खोचून चपात्या लाटत होत्या. विचारलं, "मावशी, फोटो काढू का?" म्हणाल्या, "काढ की. चपात्या काय लाजत न्हाईत." मी काढले. त्यातला एक असा आला, की आमच्या फोटो क्लबमध्ये पहिल्यांदाच सगळे गप्प बसले. इंटरकॉलेज स्पर्धेची तारीख चार दिवसांवर होती. पहिलं बक्षीस म्हणजे माझं जवळजवळ दोन महिन्यांचं मेस बिल. सगळे म्हणाले, हाच पाठव.

मी प्रिंट काढून आधी मावशींना दाखवली. त्यांनी हात पुसले, फोटो उजेडाला धरला, बराच वेळ बघितला.

"चांगलाय. पण ह्यो कुठं लावू नको."

"का हो मावशी? किती छान आलाय!"

"छान हाय की. पण ह्यो चपात्यांचा फोटू हाय बाई, माझा न्हाई."

मग हळूहळू म्हणाल्या, मुलगी तालुक्याला नर्सिंगला आहे, तिला स्थळं येतायत, घामेजलेला फोटो कुठे फिरायला नको. कामाची लाज नाही. "पर मी काय नुसती तव्यापाशीच असती व्हय?"

त्या रात्री माझ्या रूमवर जोरदार चर्चा झाली. एक सीनियर म्हणाली, "परवानगी दिली होती ना? मग झालं!" नियमाने तिचं बरोबर होतं. दुसरी म्हणाली, "ओलव्यांचं एवढं सांगतेस, मग कष्ट लपवायला निघालीस का?" हे जास्त लागलं, कारण हेच मी स्वतःला विचारत होते. पण विचार करता फरक दिसला. ओलवे त्या वस्त्यांवर वर्षानुवर्षं जात राहिले. ते फोटो दाखवून कामगारांना हक्काचं काही तरी मागायचं होतं. माझ्या फोटोने मावशींचा पगार वाढणार नव्हता की मेसला एक्झॉस्ट फॅन बसणार नव्हता. बक्षीस मला मिळणार होतं. काढताना 'हो' म्हणणं वेगळं आणि भिंतीवर लागताना 'हो' म्हणणं वेगळं. दयानितांनी रोल परत दिले ते आठवलं. मी तो फोटो पाठवला नाही. बदली म्हणून गॅलरीत वाळणाऱ्या टॉवेलांचा पाठवला. त्याला काहीही मिळालं नाही, हे सांगायला नकोच.

पुढच्या रविवारी मावशी स्वतःहून आल्या. हिरवी साडी, गजरा, कपाळाला ठसठशीत कुंकू. होस्टेलच्या पायरीवर ताठ बसल्या, दोन्ही हात मांडीवर, नजर थेट कॅमेऱ्यात. "आता काढ." क्लबच्या भाषेत सांगायचं तर पासपोर्ट फोटोचा मोठा भाऊ! ना तिरका उजेड, ना वाफ, ना काही. मावशींनी मात्र तीन प्रिंटा नेल्या. एक घरी भिंतीवर, एक लेकीला, एक माहेरी.

मी ती फाइल अधूनमधून उघडते. पहिल्यांदा दिसलं नव्हतं, पण मांडीवरच्या त्या हातांवर तव्याच्या चटक्यांचे जुने डाग स्पष्ट आहेत. मावशींनी ते लपवले नाहीत. मलाही ते वेगळे 'दाखवावे' लागले नाहीत.

या सगळ्यात मला गौरी गिल यांचं काम नव्याने कळलं. १९९९ पासून त्या राजस्थानच्या वाळवंटातल्या खेड्यांत जातायेत राहिल्या. २००३ साली लुणकरणसरला मुलींची जत्रा भरली, 'बालिका मेळा'. तिथे त्यांनी फोटोचा एक साधा स्टॉल लावला. मागे पडदा, पुढे काही वस्तू. मुलींनी यायचं, मैत्रिणीला घ्यायचं, टोपी घालायची, हवं तसं उभं राहायचं. कसं दिसायचं ते त्यांनी ठरवायचं. २०१५ पासून त्या आपल्या जव्हारला काम करू लागल्या. तिथे बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे घालतात. कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या कोकणा आणि वारली कलाकारांना, भगवान आणि सुभाष कडू आणि त्यांचे सहकारी, त्यांनी विनंती केली की देवांचे नको, रोजच्या जगण्यातले मुखवटे करा. मग गावचेच लोक ते घालून दवाखान्यात, दुकानात, घरात बसले आणि प्रसंग त्यांनीच रचले. हे फोटो २०१८ साली न्यूयॉर्कला मोमा पीएस-वनमध्ये लागले. २०२३ साली राजस्थानच्या कामासाठी गिल यांना 'प्री पिक्टे' पुरस्कार मिळाला. पालघर जिल्ह्यातल्या माणसांनी स्वतः ठरवलेला चेहरा थेट न्यूयॉर्कच्या भिंतीवर!

'तुझं इन्स्पिरेशन कोण' असं विचारलं की मी पूर्वी एकच नाव सांगायची. आता चार सांगते, कारण चौघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. कधी विचारायला वेळ नसतो तरी फोटो काढावा लागतो. कधी रोल परत द्यावा लागतो. कधी सोबत राहून जगाला दाखवावं लागतं. कधी पडदा लावून आपण बाजूला व्हायचं असतं. कुठल्या वेळी कुठलं, हे अजून मला प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं.

हा लेख लिहू का, असं मावशींना विचारलं. म्हणाल्या, "लिही. पर फोटू टाकशील तर हिरव्या साडीतला." संपादकांनी जागा दिली तर तो याच पानावर दिसेल.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. यंदाच्या गॅदरिंगला आमचा क्लब फोटोचा स्टॉल लावतोय. वॉचमनकाका, मेसचे दादा-मावश्या, सफाईवाल्या ताई, लॅब असिस्टंट, माळीकाका, सगळ्यांसाठी. कपडे त्यांच्या पसंतीचे, पोझ त्यांची, शेजारी कुणाला बसवायचं तेही तेच ठरवणार. आम्ही फक्त बटण दाबणार आणि प्रिंट हातात देणार. पैसे घेणार नाही. कॅमेरे आहेत, प्रिंटरची सोय झाली आहे. एक जुना जाड पडदा आणि हात असलेली एक बरी खुर्ची मात्र हवी आहे. कुणाकडे असेल तर लेडीज होस्टेलच्या ऑफिसात आणून द्या. परत मिळण्याची हमी!

– एक विद्यार्थिनी, टी. ई. सिव्हिल