पट्टा कुणाच्या हातात

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमचा, नागरी हक्कांच्या आंदोलनातला तो फोटो आज पुन्हा समोर आला. मे १९६३. पोलिसाच्या हातातल्या पट्ट्याला ताण देत जर्मन शेफर्ड एका कृष्णवर्णीय पोरावर झेपावलाय. कुत्र्याचा काय दोष म्हणा, शिकवण माणसाची. पण ज्यांच्या घरात अशा आठवणी आहेत, त्यांना बागेत कुत्रा दिसताच दोन पावलं मागं सरावंसं वाटलं, तर ‘घाबरू नका, काही करत नाही तो’ म्हणत हसणं मला उद्धटपणाचं वाटतं. बरं, गोष्ट जुनी म्हणावी तर तसंही नाही. अमेरिकेतल्याच फर्ग्युसन शहराच्या पोलिसांवरचा तिथल्या न्याय खात्याचा २०१५ चा अहवाल सांगतो : पोलिसी कुत्रा चावल्याच्या ज्या ज्या घटनांत वंशाची नोंद होती, त्या सगळ्यांत चावा कृष्णवर्णीयालाच.

हे वाचून आपण अमेरिकेला नावं ठेवायला मोकळे! पण आपल्याकडेही महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, अस्पृश्यांना मात्र बंदी. त्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.

जनावराला मोकळीक आणि माणसाला मज्जाव, हा इतिहास आपलाही आहे. तेव्हा सोसायटीत कुत्रा फिरवणाऱ्यांनो, समोरचा थबकला तर पट्टा आखडून घ्या. आणि त्याला भित्रा म्हणू नका.